दोन पेरं माती

सेफ्टी पिन टोचली ती डाव्या बाजूला, खिशाच्या जरा वर. टोचली म्हणजे अगदी नावापुरती. रक्त नाही, काही नाही. पण जहूर मुकादम स्टोअरच्या दारात असा काही दचकला की हॅडलीबाईच घाबरल्या, ‘सॉरी, सॉरी’ करत दोन पावलं मागं सरल्या, आणि मग मान तिरकी करून त्याच्या छातीकडे बघत म्हणाल्या, “हं, आता नीट बसलं.” त्यानं खाली पाहिलं. पांढऱ्या पुठ्ठ्याची गोल चकती, तिला हिरवी फीत, आणि मधोमध काळ्या शाईत ठळक लिहिलेलं: जज. वरून बघताना अक्षरं उलटी दिसत होती, तरी त्यानं ती दोनदा वाचली. सकाळचे साडेसात वाजले होते. डॉक्टरसाहेबांना पहाटेच दुखानच्या तेलविहिरींवर जावं लागलं होतं, तिथं कामावर कुणाला तरी लागलं होतं, आणि कंपनीच्या वसाहतीतल्या बागमंडळाचा नियम असा की आयरिसच्या फुलांच्या वाफ्याला तीन परीक्षक हवेत, दोन चालत नाहीत. हॅडलीबाई म्हणजे मोठ्या इंजिनीयरसाहेबांच्या पत्नी आणि मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांनी उभ्या उभ्याच निकाल लावून टाकला होता. “दोन वर्षं आमच्या मागून कार्डं घेऊन तुम्हीच फिरताय, मिस्टर मुकादम. आता ऐनवेळी तिसरा परीक्षक मी आणखी कुठून आणू?”

मिस्टर! बारा वर्षं झाली होती त्याला दोहात येऊन. बावन्न साली मुंबईहून बोटीनं आला तेव्हा केस काळे होते आणि दोहात रस्तेही धड नव्हते. या बारा वर्षांत तो नुसता ‘मुकादम’ होता. मुकादम, सिमेंट आलं का. मुकादम, ते फिटिंग कुठंय. वाईट वाटून घ्यायचं काही कारण नव्हतं, साहेबलोक त्यांच्या हाताखालच्या गोऱ्यांनाही तशीच हाक मारत. पण सही म्हणाल तर त्यानं बारा वर्षांत लाखभर सह्या केल्या असतील, आणि प्रत्येक सहीच्या वर एकच वाक्य छापलेलं: माल मिळाला. माल चांगला की वाईट हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो वाईट माल लांबून ओळखायचा, पोत्याला हात लावला की सिमेंट दमट आहे हे सांगायचा, पण ते कुठं लिहायला जागाच नव्हती. आज होती. कार्डावर चार रकाने आणि खाली रेघ, रेघेखाली ‘परीक्षकाची सही’. त्यानं शर्टाच्या हाताची घडी सारखी केली. शर्ट ईदचा होता, तीन आठवड्यांपूर्वीचा, टेरिलिनचा, आणि आज फुलांचा कार्यक्रम म्हणून खतिजानं त्याला बळंबळं घालायला लावला होता. “कार्डा घेऊन मागं मागं फिरायचा तर काय झाला? माणसासारखा फिरा,” असं म्हणाली होती. आता तिनं बघायला हवं होतं. नजमा मोहल्ल्याच्या बाजूला, दोन खोल्यांच्या त्या घरात, ती या वेळी तांदूळ निवडत असेल आणि तिला पत्ताही नसेल की आपला नवरा जज झालाय.

वाफा वसाहतीच्या मागच्या भिंतीशी होता. स्टोअरपासून तिथवर दोनशे पावलं, आणि आज ती त्याला फार लवकर संपली. मार्चचं ऊन अजून सोसवणारं होतं, समुद्रावरून ओलसर वारा येत होता, आणि पुढं हॅडलीबाई आणि पेलमसाहेब चालत होते. पेलमसाहेब हा म्हातारा सर्व्हेअर, बोलणं मोजूनमापून, फुलांतला मात्र दर्दी. एरवी जहूर त्या दोघांच्या चार पावलं मागं असायचा, बगलेत फाइल, कानावर पेन्सिल. आज पेलमसाहेब थांबले, त्यांनी जहूरला बरोबरीला येऊ दिलं, चकतीकडे एकदा बघितलं आणि हात पुढं केला. हातात हात घेतला. एवढंच. पण त्या हाताची कोरडी, खरखरीत ऊब जहूरच्या तळव्यात बराच वेळ राहिली, आणि त्याला उगाचच आपल्या बापाची आठवण झाली. बाप कोळ्यांच्या पडावावर खलाशी होता, त्याचे हात असेच होते. अरे, आज काय हे सगळं, असं त्यानं स्वतःलाच दटावलं.

इथं कुणी म्हणेल, फुलंच ती, त्यात परीक्षा कसली? तर ऐका. साठ सालच्या ऑक्टोबरात विलायतेहून एक खोका आला होता, आणि त्यात बारा जातींचे बारा कंद. सुकलेले, आल्याच्या गड्ड्यांसारखे दिसणारे, वर कापलेल्या पानांचा चिमूटभर पंखा. कुठल्या कंदाचं नाव काय ते एका लाखबंद लिफाफ्यात, आणि वाफ्यात फक्त नंबर. का, तर नाव कळलं की डोळा बिघडतो; मोठ्या माणसाची जात म्हटली की फूल आपोआप मोठं दिसायला लागतं. पहिलं वर्ष रुजण्याचं. पुढं तीन वसंत परीक्षा, एका वर्षाच्या फुलावर कुणी भाळायचं नाही. शंभर मार्क: फुलाला चाळीस, दांड्याला वीस, पानाला आणि एकूण रोपाला पंधरा, आणि टिकाव धरण्याला पंचवीस. विलायतेत टिकाव म्हणजे बर्फात टिकणं. इथं कुठला बर्फ? इथं टिकाव म्हणजे जुलै-ऑगस्ट. विहिरीचं मचूळ पाणी, धुळीचा शमाल वारा, आणि भिंतीला हात लावला तर चटका बसेल असं ऊन. या सगळ्यातून जी जात तीन उन्हाळे पार करेल तिला मंडळ प्रशस्तिपत्र देणार होतं, आणि ते पत्र बहरीन, कुवेत, एडन इथल्या बागवाल्या बायकांना जाणार होतं: ही घ्या, ही आखातात टिकते.

जहूर हे सगळं मागून बघत शिकला होता. कुणी शिकवलं नाही. फूल आधी लांबून बघायचं, मग जवळून, मग मागून. मागून बघायला लोक विसरतात. वरच्या तीन पाकळ्या एकमेकींना धरून उभ्या हव्यात, खालच्या तीन पसरलेल्या, चुरगळलेल्या नकोत. पाकळी दोन बोटांत हलकेच धरायची, तिचा दम कळतो. पातळ पाकळी दुपारपर्यंत माना टाकते. दांडा काठीच्या आधाराशिवाय सरळ हवा. त्याला फांद्या हव्यात, आणि कळ्या अशा की एक मिटताना दुसरी उमलावी, दोन एकदम उमलून एकमेकींत घुसता कामा नयेत. शेवटी खाली वाकून बुडाशी वास घ्यायचा, कुजका वास आला तर वरचं सगळं सौंदर्य फुकट. परीक्षकानं बोलायचं नाही आणि कार्ड छातीशी धरायचं. हे तो दोन वर्षं पाहत आला होता, आणि गेल्या वर्षी त्यानं मनातल्या मनात दिलेले मार्क पेलमसाहेबांच्या मार्कांशी ताडून बघितले होते. तीन ठिकाणी एका मार्काचा फरक. बाकी जसेच्या तसे. ही गोष्ट त्यानं खतिजालासुद्धा सांगितली नव्हती, कारण ती म्हणाली असती, मग कोणी तुम्हाला मेडल दिला काय?

एक नंबर गेलेला. दोन गेलेला. तिथं नुसत्या नंबरच्या पट्ट्या उभ्या होत्या, मातीत काही नाही. त्यानं रकान्यात शून्य मांडलं आणि आश्चर्य म्हणजे शून्य मांडतानाही त्याचा हात ऐटीत चालला. तीन नंबरला एक दांडा, जांभळा, पण डावीकडे कलंडलेला. दांड्याला नऊ. पेलमसाहेब काय देतील? नऊच देतील. चार, पाच गेले. सहा आणि सातला पानं होती, फूल नाही. आठ गेला, नऊला पानं, तीही टोकाला जळालेली. दहा गेला. अकराला एक फिकट पिवळं फूल आलं होतं. त्याची पाकळी त्यानं चिमटीत धरली आणि त्याला ओल्या कागदासारखी लागली. फुलाला बावीस. त्याला वाटलं, हे फूल दुपारी असं दिसणार नाही हे या क्षणी अख्ख्या कतारमध्ये तीनच माणसांना माहीत आहे, आणि त्यातला एक मी. मन भरून आलं. बारा वर्षांचं ते ‘माल मिळाला, माल मिळाला’ असं जे आत साचलेलं होतं ते जणू आज वाहून चाललं होतं. आणि नेमकं त्याच वेळी त्याला समोर, भिंतीच्या कोपऱ्यात, बारा नंबर दिसला.

दिसला म्हणजे काय, तो सकाळपासून दिसतच होता. तो न दिसणं शक्यच नव्हतं. चौदा पंखे, पाच दांडे, पांढरीशुभ्र फुलं, खालच्या पाकळ्यांच्या गळ्याशी पिवळी लव. भिंतीशी जसं कुणी धुतलेले कपडे वाळत घातलेत. साडेतीन वर्षांपूर्वी एक कंद होता तिथं. वाफ्याच्या टोकाला फजलचाचा पाण्याची नळी घेऊन उभा होता. फजलचाचा श्रीवर्धनकडचा, जुना तांडेल, दर्या सुटला तसा कंपनीच्या बागेत पाणी घालायला लागला. परीक्षक फिरतात तेव्हा त्यानं लांब राहायचं, पण जहूरच्या छातीवरची चकती बघून त्याला राहवेना म्हणून तो जवळ आला आणि दाढीतल्या दाढीत हसत कुजबुजला, “जहूरभाय, मुबारक! आता बारा नंबरला दे फुल मार्क. आपलाच हाय तो.” आणि मग जहूरचा चेहरा बघून आणखी हळू, “तोंड काय असा करतंस? कोणाला ठावं हाय? तुला नि मला.”

आपलाच आहे. हेच तर. जहूरच्या छातीवर पिन टोचली होती ती जागा पुन्हा हुळहुळली. ऑक्टोबरातली ती संध्याकाळ त्यानं इतक्या वेळा मनात बाजूला सारली होती की आता ती समोर आली तर जुनी, घड्या पडलेली वाटली. खोका स्टोअरमध्ये आला, हॅडलीबाई त्या दिवशी उम्मसईदच्या बंदराकडे गेलेल्या, फोनवर म्हणाल्या, लावून टाका, सुकतील. त्यानं लावले. कसे लावले? असले कंद त्यानं आयुष्यात एकाच प्रकारे लावताना पाहिले होते. गावी, कर्ल्याच्या घरामागच्या परसात, मिरगाच्या आधी, आई हळदीचे गड्डे लावायची. उकिडवी बसून पुढं पुढं सरकायची, आणि प्रत्येक गड्ड्यावर माती ओढली की बोट खुपसून बघायची. दोन पेरं. बोटाची दोन पेरं आत जायला हवीत, ना कमी ना जास्त. “उन्हात कोण पोर निजवतो काय रं?” म्हणायची. त्यानं बाराही कंदांवर दोन पेरं माती ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅडलीबाई पुस्तक घेऊन आल्या आणि त्यांनी कपाळालाच हात लावला. आयरिसची पाठ उघडी हवी! ऊन लागायला हवं पाठीला, भाजून निघायला हवी, म्हणजे फूल येतं, पुस्तकात चित्र आहे बघा. दोघं गुडघे टेकून बसली आणि बोटांनी माती काढायला लागली. एक, दोन, तीन. अकरा झाले आणि ऑफिसातून बाईंना बोलावणं आलं. “शेवटचा तुम्ही करा हं,” असं सांगून त्या गेल्या.

त्यानं बाराव्यावर बोट ठेवलं होतं. विसरलो असं तो स्वतःला साडेतीन वर्षं सांगत आला. विसरला-बिसरला काही नव्हता. त्या संध्याकाळच्या दोन महिने आधी, ऑगस्टात, तार आली होती: आई गेली. बोटीला आठवडा लागणार, आणि आपल्यात कुणी मयताला आठवडा थांबत नाही. त्याच संध्याकाळी दफन झालं असणार, गाव सगळा गेला असणार, भाऊबंद, शेजारी, ज्यांच्याशी आई जन्मभर भांडली तेही, आणि प्रत्येकानं कबरीत तीन मुठी माती लोटली असणार. सगळ्यांनी. फक्त पोटच्या पोरानं नाही. रजा मागावी तर मिळालीही असती, पण कशासाठी जायचं? ज्यासाठी जायचं ते होऊन गेलं होतं. तो तार खिशात घालून स्टोअरमध्ये आला आणि त्यानं दिवसभर सह्या केल्या. आणि मग ऑक्टोबरात ही परकी माती, रेताड, खारट, तिच्यात बोट दोन पेरं रुतलेलं, खाली कंदाची पाठ लागतेय, थंड. ती उघडी करायची? अकरा केल्या, त्या बाई समोर बसल्या होत्या म्हणून केल्या. बारावी त्याच्या हातून झाली नाही. दिलेली माती परत कशी काढणार? त्यानं बोट बाहेर काढलं, भोक बुजवलं, वरून तळव्यानं थापटलं, आणि उठला. फजलचाचा नळी घेऊन उभा होता, त्यानं सगळं पाहिलं आणि थापटलेल्या मातीवर पाणी सोडलं.

नंतर कुणाला कळलं नाही हेही खरं. कोपऱ्यात वारा पडतो, तिथं रेती साचते; हॅडलीबाई म्हणायच्या, बघा, रेतीनं झाकला गेला तरी ही जात किती चिवट! पहिल्या उन्हाळ्यात चार कंद पाठीवर भाजून पोकळ झाले, बोटानं दाबले तर बटाट्याच्या वाळल्या सालीसारखे मोडले. बारा नंबर पानं मिटून मातीखाली पडून राहिला आणि नोव्हेंबरात तीन पंखे घेऊन वर आला. जहूर रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्याला बघून यायचा. सांगायचं तर त्याला त्या झाडाचा गर्व होता, उघड उघड गर्व. कुणी त्याच्या पोरीचं कौतुक केलं तरी त्याला एवढं बरं वाटत नसेल. आणि आज तेच झाड समोर होतं, हातात कार्ड होतं, आणि चौथ्या रकान्यात पंचवीस लिहून खाली जहूर हुसेन मुकादम अशी सही ठोकली की झालं. सही लंडनपर्यंत जाईल. एडनची बाई, कुवेतची बाई ती वाचेल, कंद मागवेल, पुस्तकात बघून त्याची पाठ उघडी ठेवेल. ऑगस्टात तो मरेल. ती म्हणेल, कोण हा मुकादम? याला काय कळतं?

त्यानं फूल लांबून पाहिलं. मग जवळून. मग मागून. पाकळी चिमटीत धरली: जाड, गार, साटिनसारखी. फुलाला छत्तीस. दांड्याला एकोणीस, एक कमी कारण मधल्याची एक फांदी आखूड होती, आणि आपल्याच पोराचा दोष दिसतोय याचं त्याला फार समाधान वाटलं. पानाला चौदा. खाली वाकून वास घेतला, ओल्या मातीचा आला. चौथ्या रकान्यावर पेन्सिल टेकली आणि तिथंच थांबली. खोटं काय होतं त्यात? झाड टिकलं होतं. तीन उन्हाळे. डोळ्यांदेखत. पण कार्ड जातीला मार्क द्या म्हणत होतं, आणि टिकली होती ती माती. बारा वर्षं दमट सिमेंटच्या पोत्यांसाठीही ‘माल मिळाला’ म्हणून सही केली, ती नोकरी होती. तिथं विचारलंच नव्हतं. इथं विचारलंय. इथं पहिल्यांदा कुणी विचारलंय, आणि पहिल्याच दिवशी मी खोटं लिहू?

“मॅडम,” तो म्हणाला. परीक्षक बोलत नसतात; दोघांनीही दचकून वर पाहिलं. “हे कार्ड मला भरता येत नाही.”

“का? काय झालं?” हॅडलीबाईंनी विचारलं.

त्यानं सांगितलं. त्याचं इंग्रजी स्टोअरचं इंग्रजी, त्यात मालाची नावं सोडली तर फारसं काही नव्हतं, पण आज वाक्यं सरळ आली. बाराही मी झाकले होते. अकरा आपण दोघांनी उघडले. बारावा मी उघडला नाही. विसरलो नाही, उघडला नाही. रेती वाऱ्यानं आली नाही, मी ओढली. आईची, तारेची गोष्ट मात्र त्यानं सांगितली नाही. ती कार्डावरची नव्हती. फजलचाचानं तिकडे नळी खाली टाकली आणि ‘या अल्ला’ म्हणत तोंड फिरवलं. हॅडलीबाईंचा चेहरा आधी लाल झाला. साडेतीन वर्षं त्यांनीही या झाडावर जीव लावला होता, विलायतेला पत्रं लिहिली होती. “म्हणजे एवढा सगळा प्रयोग…” असं म्हणून त्या थांबल्या. मग अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या, “ज्याचा हात रोपाला लागलाय त्याला परीक्षक होता येत नाही, मिस्टर मुकादम. आणि सारखं न लावलेलं रोप स्पर्धेत धरता येत नाही.”

“होय, मॅडम. म्हणूनच सांगितलं.”

त्यानं पिन काढली. काढताना ती पुन्हा एकदा टोचली, आणि टेरिलिनचा एक धागा ओढला गेला. चकती त्यानं कार्डावर ठेवली आणि दोन्ही वस्तू बाईंच्या हातात दिल्या. त्याला जाणवलं की आपण ताठ उभे आहोत, कानावर पेन्सिल असायची तेव्हा मान जशी जरा झुकलेली असायची तशी आज नाही. पेलमसाहेब इतका वेळ बुडाशी वाकून बघत होते. त्यांनी आपल्या कार्डावर आडवी रेघ मारली. “मी टिकाव धरण्याला पंचवीसपैकी पंचवीस दिले होते,” ते म्हणाले. “पंचवीस मी आयुष्यात कुणाला दिले नाहीत. ते मग कुणाला दिले मी?”

हॅडलीबाई खाली बसल्या, गुडघे टेकून, तशाच, स्कर्टाची पर्वा न करता, आणि म्हणाल्या, “किती खोल?”

जहूर त्यांच्याशेजारी बसला. बाराच्या बुडाशी, दोन पंख्यांच्या मधे, त्यानं बोट घातलं. दोन पेरं. खाली कंदाची पाठ लागली, साडेतीन वर्षांनी, थंड आणि टणक. बाईंनी आपलं बोट घातलं, गोरं, लांब, अंगठी असलेलं, आणि वर काढून मातीची खूण कुठवर आलीय ते नीट पाहिलं. “पुस्तकात हे नाही,” त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, पण आता तो त्याच्यावर नव्हता. “तुम्हाला कुणी शिकवलं?”

“आईनं.”

“त्या बाग करत होत्या?”

“नाही मॅडम. हळद लावायची.”

“नाव काय त्यांचं? मला लिहायचंय. पत्र तर पाठवावंच लागेल सगळ्यांना. जातीचं नाही, पण हे तरी.”

आईचं नाव! आईला कुणी नावानं हाक मारलेली त्याला आठवत नव्हती. गावात ती हुसेनची घरवाली होती, मग जहूरची आई. नाव फक्त निकाहाच्या वेळी काझीनं एकदा मोठ्यानं घेतलं असेल, आणि दफनाच्या वेळी कुणी हळू. त्यानं ते घेतलं, सावकाश, पूर्ण, भिंतीपलीकडे रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात: “हजरा हुसेन मुकादम. मुक्काम कर्ला, रत्नागिरी.” बाईंनी बाराच्या कार्डावर, चारही रकाने सोडून खाली ‘शेरा’ लिहिलं होतं तिथं ते लिहिलं. पेलमसाहेबांनी ते वाचलं आणि आपली सही त्या नावाखाली केली. लिफाफा फोडायचा का, असं बाईंनी विचारलं. ते म्हणाले, आता कशाला, जात कुठलीही असो.

“ऑक्टोबरात नवे बारा मागवते,” हॅडलीबाई उठताना म्हणाल्या. “सगळे तुमच्या पद्धतीनं. दोन बोटं…”

“पेरं, मॅडम. बोटं नाही, पेरं.”

“बरं, पेरं. पुन्हा रुजायला एक वर्ष, पुन्हा तीन वसंत.” मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या थोड्या ओशाळल्या. “पण मग बाराही रोपांना तुमचा हात लागणार. म्हणजे तुम्हाला कधीच जज होता येणार नाही, मिस्टर मुकादम.”

“नाही होता येणार,” जहूर म्हणाला, आणि त्याला हसू आलं. काय करणार, आलं. अगदी पोटातून आलं.

दुपारी तो जेवायला घरी गेला तेव्हा खतिजानं ताट वाढता वाढता त्याच्या छातीकडे बघितलं. त्या बाईच्या नजरेतून काही सुटत नाही. “हा भोक कसला? नव्या शर्टाला? काल इस्त्री केला तवा नव्हता.”

“पिन लावली होती. जजची.”

“कोणाला?”

“मला. अर्धा तास.”

ती वाढायची थांबली. मग त्यानं सगळं सांगितलं, या वेळी आईचं, मातीचंही, जे साडेतीन वर्षं तिलाही सांगितलं नव्हतं. खतिजा ऐकत राहिली. बारा नंबरपाशी आल्यावर तिनं पदर तोंडाला लावला, आणि तो सोडला तेव्हा ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच ठाऊक. “म्हातारीला वाचायला येत नव्हता,” ती म्हणाली, “नि तिचा नाव साहेबाच्या फाइलीत! खालती साहेबाचा सही!” ती उठली, फळीवरचा सुई-दोऱ्याचा डबा काढला, पांढरा दोरा सुईत ओवला, त्याच्याजवळ येऊन भोकावर बोट ठेवलं. टाका मात्र घातला नाही. मग दोरा दातानं तोडला, सुई डब्यात टाकली आणि डबा पुन्हा फळीवर ठेवला.

“ऱ्हाव दे,” ती म्हणाली. “शुक्रवारी मशिदीत हाच घालून जा.”